नोव्हेंबरात अथेन्सला जायचंय, तिकीट आत्ता काढू की थांबू?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. आई आणि मी येत्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२६ च्या, ग्रीसला जायचं म्हणतोय. आईनं आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पेरिक्लिस, सॉक्रेटिस, मॅरेथॉनची लढाई, सगळं फळ्यावर लिहून झालं. ॲक्रॉपोलिस मात्र डोळ्यांनी बघायचं राहून गेलं. आता ती एकाहत्तरची आहे. गुडघे दुखतात, ऊन अजिबात सोसत नाही. म्हणून उन्हाळा आणि गर्दी टाळून मुद्दाम नोव्हेंबर निवडला. आठवडाभर अथेन्स, आठवडाभर क्रीट बेट असा ढोबळ बेत आहे. ६ नोव्हेंबरला निघून २१ ला परतायचं असं डोक्यात आहे, पण दोन्हीकडे चार-आठ दिवस सरकवता येतील.

आमच्या शहरातून अथेन्सला थेट विमान नाही, मध्ये एकदा बदलावं लागतंच. फेब्रुवारीपासून मी भाडं बघतेय. आता एप्रिल संपत आला तरी ते जागचं हललेलं नाही. सल्ल्यांना मात्र तोटा नाही. भाऊ म्हणतो, आत्ताच काढ, पुढे वाढतच जातं. मैत्रीण म्हणते, ऑफ-सीझनला विमानं रिकामी जातात, शेवटच्या पंधरवड्यात मिळेल त्या भावाला विकतात, तेव्हा घे. ऑफिसातले एक जण छातीठोकपणे सांगतात की मंगळवारी मध्यरात्री ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोतून काढायचं, कारण आपण सारखं शोधतोय हे साइटला कळतं आणि ती भाव चढवते.

सगळ्यात स्वस्तच मिळायला हवं असा माझा हट्ट नाही. पण काढल्यावर आठवडाभरात भाडं धाडकन खाली आलं तर जिवाला लागेल, आणि थांबले नि वर गेलं तर सहलच रद्द करायची वेळ येईल. नक्की कधी काढावं, आणि का, हे कुणी नीट समजावून सांगेल का?

शांतडोह

आत्ता काढून मोकळ्या व्हा. सहा महिने रोज भाडं बघत बसायचं म्हणजे सहलीआधीच दमणूक. परवडतंय ना? मग झालं. एकदा काढल्यावर पुन्हा बघायचं नाही, एवढं पथ्य पाळा.

तिकीटखिडकी

पाऊलवाट, तुम्ही ‘का’ विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. मी विमान कंपनीच्या आरक्षण विभागातून निवृत्त झाले. शेवटची बरीच वर्षं भाड्यांच्या टेबलावर होते, म्हणजे कुठल्या उड्डाणावर कुठलं भाडं उघडं ठेवायचं आणि कुठलं बंद करायचं हे बघणाऱ्यांत. तिथे बसून जे दिसतं ते बाहेरून दिसत नाही.

आधी तुमच्या मैत्रिणीचा मुद्दा घेते, कारण तो अर्धा खरा आहे. ग्रीसचा सीझन ऑक्टोबरअखेर संपतो, हे बरोबर. पण विमान कंपन्याही कॅलेंडर बघतात. जगभरातल्या विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. यंदा तो रविवार २५ ऑक्टोबरला येतो. युरोपातली घड्याळंही त्याच पहाटे एक तास मागे जातात. त्या दिवसापासून अथेन्सकडे जाणाऱ्या फेऱ्या कमी होतात. दिवसाला दोन असतील तिथे एक होते, मोठ्या विमानाच्या जागी लहान येतं, फक्त उन्हाळ्यापुरत्या चालणाऱ्या फेऱ्या बंदच होतात. प्रवासी घटले तशा सीटाही घटल्या. मग रिकामी विमानं आणि पडेल भाव ही कल्पना कुठे उरली?

दुसरं, तुमचा प्रवास दोन टप्प्यांचा आहे. पहिल्या लांबच्या टप्प्यात तुमच्या आजूबाजूला बसलेले सगळे अथेन्सला निघालेले नसतात. मधल्या विमानतळावर उतरून ते पंचवीस दिशांना पांगतात. त्यांतल्या कुणाच्या सुट्ट्या सुरू होत असतील, कुणाच्या सणाला घरी जायची घाई असेल, तर ते विमान भरलेलंच असणार. अथेन्स ओस पडलं म्हणून त्या टप्प्याचं भाडं उतरत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की ऑफ-सीझन गावाचा बघू नये, विमानाच्या मार्गाचा बघावा. तुम्ही ज्या शहरातून विमान बदलणार तिथले आणि तुमच्या निघायच्या ठिकाणचे सुट्ट्यांचे दिवस आधी बघा. ग्रीसचे नंतर.

ग्रीसचं बघताना एक गोष्ट तुमच्या आईंना नक्की आवडेल, पण तुमच्या तारखांना ती नडते. अथेन्सची मॅरेथॉन नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी असते. मॅरेथॉन गावातून निघून पॅनाथिनाइक स्टेडियमपर्यंत, हजारो लोक धावतात, आणि त्यांतले कितीतरी परदेशातून येतात. यंदा दुसरा रविवार ८ तारखेला आहे. तुम्ही ६ ला, शुक्रवारी, निघायचं म्हणताय. म्हणजे त्या धावपटूंबरोबर जाणार, आणि हॉटेलसुद्धा त्याच भावानं घेणार. शर्यत बघायची असेल तर जरूर जा. नसेल तर मंगळवारी १० ला निघा आणि बुधवारी २५ ला परता. डिसेंबरची गर्दी सुरू व्हायच्या आत घरी असाल.

आता भाडं जागचं हलत का नाही ते सांगते. विमानाच्या इकॉनॉमीत सीट एकसारखीच असते, पण विकताना तिचे दहा-बारा वर्ग केलेले असतात. प्रत्येक वर्गाला एक अक्षर, प्रत्येकाचं भाडं वेगळं, नियम वेगळे. आमच्या स्क्रीनवर एका उड्डाणासमोर ओळ दिसायची: वाय ९, बी ९, एम ९, के ७, क्यू ४, टी १, ओ ०. अक्षरापुढचा आकडा म्हणजे त्या वर्गात आत्ता किती सीटा विकता येतील. नऊच्या वर आकडा सहसा दाखवत नाहीत, त्यामुळे ९ म्हणजे नऊ किंवा जास्त. ओ शून्य झाला म्हणजे सगळ्यात स्वस्त वर्ग संपला. विमान भरलं असा त्याचा अर्थ नाही.

बहुतेक मोठ्या कंपन्या उड्डाण अकरा-बारा महिने आधी विक्रीला उघडतात. तेव्हा त्याकडे कुणी बारकाईनं बघत नसतं. मागच्या वर्षांच्या अनुभवावरून वर्ग लावून ठेवलेले असतात. नोव्हेंबरचं अथेन्स फेब्रुवारीत विकत घेणारे थोडे, म्हणून आकडे हलत नाहीत आणि तुम्हाला भाडं गोठल्यासारखं दिसतं. त्या गोठलेल्या भाड्याला स्वस्तही म्हणू नका, महागही म्हणू नका. त्यावर अजून कुणी विचारच केलेला नाही.

याच ओळीत तुमच्या ऑफिसातल्या गृहस्थांनाही उत्तर आहे. वरच्या ओळीत टी वर्गात एकच सीट आहे. तुम्ही दोघींसाठी शोधलंत तर यंत्रणा साधारणपणे दोघींनाही क्यूच्या भाड्यात टाकते, कारण एकाच शोधातल्या सगळ्यांना एकाच वर्गात बसवायचं असतं. कुणी एकट्यासाठी शोधलं तर त्याला टी दिसतो. मग माणसाला वाटतं, मघाशी कमी होतं, आता वाढवलं, म्हणजे आपल्यावर पाळत आहे. प्रत्यक्षात मधल्या वेळात कुणी ती सीट उचललेली असते किंवा शोधणारी माणसं एकाची दोन झालेली असतात. तेव्हा दरवेळी आधी एका माणसासाठी शोधा, मग दोघांसाठी. फरक दिसला तर खालच्या वर्गात एकच सीट उरली आहे हे ओळखा. पण तेवढ्यासाठी आईंचं तिकीट वेगळं काढू नका. उद्या उड्डाण रद्द झालं तर दोन वेगळ्या पीएनआरवरच्या माणसांना यंत्रणा दोन वेगळ्या विमानांत बसवू शकते.

मंगळवारचं म्हणाल, तर भाड्यांची अद्ययावत यादी कंपन्या दिवसातून अनेकदा पाठवतात, आठवड्याच्या सातही दिवशी. खरेदीचा वार फारसा मोजू नका. प्रवासाचा वार मोजा. आठवड्याच्या मधल्या वारी निघणं आणि परतणं बहुतेक मार्गांवर शुक्रवार-रविवारपेक्षा स्वस्त पडतं, आणि तो फरक कुठल्याही मध्यरात्रीच्या जागरणापेक्षा मोठा असतो.

शेवटच्या पंधरवड्यात स्वस्त का मिळत नाही, हे या धंद्यातलं सगळ्यात सुंदर गणित आहे. १९७२ मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी एक साधा नियम मांडला. समजा पूर्ण भाडं शंभर आहे आणि स्वस्त भाडं चाळीस. समोर चाळीस देणारा उभा आहे. त्याला सीट द्यायची की उद्या येणाऱ्या शंभरवाल्यासाठी राखायची? शंभरवाला येण्याची शक्यता चाळीस टक्क्यांहून जास्त असेल तर राखायची, कमी असेल तर देऊन टाकायची. आजची सगळी मोठमोठी सॉफ्टवेअर याच प्रश्नाची वाढवलेली रूपं आहेत. आणि शंभरवाला कोण? ज्याला कामासाठी, आजारपणासाठी, अचानक जावंच लागतं तो. तो नेहमी उशिरा येतो. म्हणून स्वस्त भाड्यांना आगाऊ खरेदीची अट असते: प्रवासाच्या २१ दिवस आधी, १४ दिवस आधी, ७ दिवस आधी. १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं पीपल एक्सप्रेस या स्वस्त कंपनीशी टक्कर द्यायला अगदी कमी भाडी आणली, त्यांनाही आगाऊ खरेदीची अट होतीच. सुट्टीवर जाणारा आधी ठरवतो, कामाला जाणारा नंतर ठरवतो, दोघांना वेगळं करायची ही भिंत आहे. ती दिवस मोजून उभी असते. विमान अर्धं रिकामं असलं तरी २१ वा दिवस ओलांडला की काही वर्ग आपोआप नाहीसे होतात.

तर मग कधी? नोव्हेंबर मध्यासाठी मी तुमच्या जागी असते तर जूनपर्यंत फक्त नजर ठेवली असती. जुलैच्या अखेरीपासून मन लावून बघितलं असतं. आणि ऑगस्ट ते सप्टेंबरअखेर या काळात, मनाजोगतं उड्डाण मनाजोगत्या भाड्यात दिसलं त्या दिवशी काढलं असतं. कारणं दोन. हिवाळी वेळापत्रकातल्या बहुतेक फेरफारांना तोवर सुरुवात झालेली असते; कुठली फेरी गळली, कुठल्या विमानाची वेळ सरकली, हे कळतं. आणि उन्हाळा विकून झाला की भाड्याच्या टेबलावरच्या माणसांचं लक्ष हिवाळ्याकडे वळतं. शरद आणि हिवाळ्यातल्या प्रवासासाठीचे सेल बऱ्याचदा याच सुमारास निघतात. सप्टेंबर संपेपर्यंत सेल दिसला नाही तरी काढून टाकायचं. ऑक्टोबरात थांबून काही मिळण्याची शक्यता कमी, हातचं जाण्याची जास्त.

अजून एक सांगते, आणि तुमच्या बाबतीत हे भाड्याहून महत्त्वाचं मानते. ऑफ-सीझनला सीटा पुरतात, चांगल्या जोडण्या पुरत नाहीत. फेऱ्या कमी झाल्या की सोयीची जोडणी एखादीच उरते: दिवसा निघणारी, मध्ये अडीच-तीन तास मिळणारी, संध्याकाळच्या आत अथेन्सला पोचवणारी. बाकीच्यांत एक तर पन्नास मिनिटांत एका टोकाचं गेट गाठायचं असतं, नाहीतर रात्रभर खुर्चीवर काढायची असते. एकाहत्तर वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईंना दोन्ही नको. स्वस्त वर्ग आधी संपतो तो नेमका या सोयीच्या जोडणीवर, कारण ती सगळ्यांनाच हवी असते. तेव्हा ‘अथेन्सचं सर्वांत कमी भाडं’ असा अलर्ट लावू नका. आधी जोडणी निवडा आणि त्या एका जोडणीच्या भाड्यावर लक्ष ठेवा.

ऐनवेळ

वरचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण थोडी वेगळी बाजू मांडतो. मी बरीच वर्षं शेवटच्या आठवड्यातच तिकीट काढत आलोय आणि ऑफ-सीझनमध्ये मला ते पुष्कळदा स्वस्त मिळालंय. युरोपातल्या युरोपात, स्वस्त कंपन्यांच्या विमानांवर, फेब्रुवारीत किंवा नोव्हेंबरात. एखाद्या आठवड्यात बऱ्याच शहरांची भाडी समोर ठेवायची आणि जे पडलंय तिकडे जायचं. सगळ्यांनाच ‘आधी काढा’ सांगणं बरोबर नाही.

तिकीटखिडकी

ऐनवेळ, तुमचं म्हणणं तुमच्या प्रवासाला लागू आहे, त्यात वाद नाही. तुम्ही एकटे, पाठीवर एक पिशवी, आणि मुख्य म्हणजे गाव ठरलेलं नाही. ‘कुठे’ मोकळं ठेवलं की ‘कधी’ला किंमत राहत नाही, कुठलं ना कुठलं विमान रिकामं जातच असतं. शिवाय स्वस्त कंपन्या प्रत्येक टप्पा सुटा विकतात, त्यामुळे अडीच तासांच्या फेरीचं भाडं खरंच पडू शकतं. पाऊलवाट यांचं गाव ठरलंय, माणसं दोन आहेत, प्रवास लांबचा आणि जोडणीचा आहे. लांबच्या मार्गावर शेवटच्या आठवड्यात पडलेलं भाडं मी टेबलावर बसून क्वचितच पाहिलं. आणि ते पडलं तरी आपल्याला हव्या त्या तारखेला, हव्या त्या जोडणीवर, दोन सीटांसाठी पडेल यावर आईंची सहल लावावी असं मला वाटत नाही.

पाऊलवाट

तिकीटखिडकी ताई, एवढं मनापासून लिहिलंत, खूप खूप आभार. मॅरेथॉनचं आईला सांगितलं. तिला दोन दिवस तोच विषय पुरला. तरी गर्दी नको म्हणाली, त्यामुळे १० नोव्हेंबर पक्कं.

आता दोन शंका. एक म्हणजे आम्हाला व्हिसा काढावा लागेल. तिकीट आधी की व्हिसा आधी? आणि सप्टेंबरात तिकीट काढल्यावर कंपनीनं वेळ बदलली किंवा फेरीच रद्द केली तर आपल्या हातात काय असतं?

कागदपत्र

व्हिसाचं मी सांगतो. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, काही प्रकरणांत ४५ पर्यंत लांबतात. म्हणजे तुमचा अर्ज १० मेनंतर कधीही जाऊ शकतो. खरी अडचण भेटीची वेळ मिळण्याची असते, म्हणून उन्हाळ्याची झुंबड ओसरली की लगेच वेळ घ्या. अर्जासोबत प्रवासाचा बेत दाखवावा लागतो. त्यासाठी नुसतं आरक्षण चालतं की पक्कं तिकीट लागतं, हे तुम्ही जिथे अर्ज करणार त्या केंद्राच्या यादीत स्पष्ट वाचा. आरक्षण चालत असेल तर व्हिसा हातात पडल्यावरच पैसे भरा. आणि विमान शेंगेनबाहेरच्या देशात बदलणार असाल तर तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचा नियमही बघून ठेवा. तिकीट काढून झाल्यावर हे कळलेले लोक मी पाहिलेत.

वेळ बदलण्याबद्दल: युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम २००५ पासून लागू आहे. अथेन्सहून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या उड्डाणाला तो लागू होतो. तिकडे जाताना मात्र विमान युरोपीय कंपनीचं असेल तरच. उड्डाण रद्द झालं तर पैसे परत घ्यायचे की दुसऱ्या मार्गानं पोचवून घ्यायचं, हे तुम्ही ठरवायचं, कंपनीनं नाही. भरपाईचा प्रश्न वेगळा. रद्द केल्याचं १४ दिवस किंवा त्याहून आधी कळवलं असेल तर ती मिळत नाही. वेळापत्रकातले बदल बहुधा त्याहून कितीतरी आधी कळवले जातात, त्यामुळे भरपाईची आशा धरू नका, पण पैसे परत किंवा दुसरं विमान हा हक्क सोडू नका. ईमेलमधलं ‘मान्य आहे’ हे बटण घाईनं दाबू नये. नवी जोडणी आधी नीट बघा. नको असेल तर फोन करून हवी ती मागा.

तिकीटखिडकी

कागदपत्र यांच्या शेवटच्या दोन वाक्यांशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात एक भर. शोधायला कुठलीही साइट वापरा. गूगल फ्लाइट्सचा तारखांचा तक्ता आणि किंमतीवर लक्ष ठेवायची सोय उत्तम आहे. पैसे मात्र शक्यतो थेट विमान कंपनीकडे भरा. मधल्या एजंट साइटवर थोडं स्वस्त दिसतं, पण वेळ बदलली की कंपनी म्हणते एजंटला विचारा, एजंट म्हणतो कंपनीची वाट बघतोय. आमच्या काउंटरवर असे लोक हातात छापील कागद घेऊन उभे राहायचे, आणि आरक्षण दुसऱ्याच्या ताब्यात असल्यामुळे आम्हाला त्याला हात लावता यायचा नाही. फार वाईट वाटायचं.

आणि भाड्याचे नियम वाचताना ‘रिफंड’ आणि ‘बदल’ या दोन ओळी वेगवेगळ्या वाचा. तुमच्यासारख्यांना पैसे परत मिळणारं महाग तिकीट घ्यायची गरज नसते. तारीख बदलता येणारं, त्याचं शुल्क माफक असलेलं तिकीट पुरतं. आईंची तब्येत ऐनवेळी बिघडली तर सहल पुढे ढकलता येते. सगळ्यात खालच्या वर्गात बऱ्याचदा बदलच चालत नाही, चेक-इन सामानही नसतं. ते दोन्ही धरून बेरीज केली की वरचा वर्ग कधी कधी स्वस्त निघतो.

ऑलिव्हचीवाट

मी क्रीटला नोव्हेंबरात राहून आलेय, तेवढंच सांगते. नोव्हेंबरात तिथे ऑलिव्ह उतरवायचं काम चालू असतं, गावं आपल्या आपल्यात असतात, फार छान वाटतं. पण किनाऱ्यावरची कितीतरी हॉटेलं ऑक्टोबरअखेरीस बंद होतात, उघडतात ती एप्रिलच्या आसपास. त्यामुळे हेराक्लिओन किंवा हानिया शहरातच राहा. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून क्रीटला रात्रीची मोठी बोट हिवाळ्यातही असते, पण वारा फार असला की बोटी बंदरातच थांबवतात. परतीचं लांबचं विमान असेल त्या दिवसाआधी किमान एक रात्र अथेन्समध्ये मोकळी ठेवा.

१७ नोव्हेंबरला अथेन्समध्ये १९७३ च्या, लष्करी राजवटीविरुद्धच्या पॉलिटेक्निक विद्यार्थ्यांच्या उठावाच्या स्मरणार्थ मोठा मोर्चा निघतो. शहराच्या मध्यभागातले रस्ते आणि काही मेट्रो स्थानकं बंद होतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसानं त्या दिवशी क्रीटमध्ये असलेलं बरं.

तिकीटखिडकी

ऑलिव्हचीवाट, हे फार उपयोगी सांगितलंत. त्यावरून सुचलं. पाऊलवाट, तिकीट शोधताना ‘मल्टी-सिटी’ निवडून जाताना अथेन्स आणि येताना हेराक्लिओनहून असंही शोधा. हिवाळ्यात क्रीटहून बाहेरदेशी विमानं फारशी उरत नाहीत, त्यामुळे परतीत अथेन्सला आणखी एकदा बदलावं लागेल. पण सगळं एकाच पीएनआरवर असेल तर वाऱ्यानं किंवा उशिरानं एक विमान चुकलं तर पुढचं देण्याची जबाबदारी कंपनीची. हेराक्लिओन-अथेन्सचं तिकीट वेगळं काढलंत तर ती तुमची. भाड्यात फरक थोडा असेल तर मी एकत्रच घेईन. फरक मोठा असेल तर वेगळं काढा आणि अथेन्सची ती एक मोकळी रात्र धरा.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आईबरोबर बसून ठरवलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा.

जायचं १० नोव्हेंबर, यायचं २५. दोन जोडण्या निवडल्या आहेत. दोन्हींत मध्ये तीन तासांच्या आसपास मिळतात आणि दोन्ही दिवसाउजेडी पोचवतात. त्या दोन्हींवरच अलर्ट लावला. आम्हाला आनंदानं देता येईल असा एक आकडा आईनं आणि मी मिळून ठरवला आणि कॅलेंडरवर लिहून ठेवला. तो दिसला की काढायचं. त्यानंतर खाली गेलं तरी हळहळायचं नाही. दिसला नाही तर २५ सप्टेंबरला जो असेल त्या भाड्यात काढायचं. व्हिसाची भेट ऑगस्टच्या मध्याला मिळते का बघतेय. १७ तारखेला क्रीट. परतीचं हेराक्लिओनहून एकत्र आणि वेगळं, दोन्ही तपासणार.

शेवटचा प्रश्न. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागायची की नंतर? आईला सपाटीवर चालता येतं, पण विमानाच्या उभ्या शिडीची तिला भीती वाटते. आणि व्हीलचेअर मागितली तर तिकिटाचे जास्त पैसे पडतात का?

तिकीटखिडकी

बेत उत्तम आहे. २५ सप्टेंबर ही तारीख मात्र पाळा, तेव्हा आणखी चार दिवस थांबायचा मोह होईल.

व्हीलचेअरचे पैसे पडत नाहीत. काढतानाच मागा, आणि निघायच्या आठवडाभर आधी फोन करून नोंद आहे ना हे पुन्हा विचारा. युरोपातल्या नियमाप्रमाणे किमान ४८ तास आधी कळवायचं असतं, पण तेवढ्यावर येऊ देऊ नका. मागताना नुसतं ‘व्हीलचेअर’ म्हणू नका, कारण तिचे तीन प्रकार आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या चढता येत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंतही न्यावं लागतं. साइटवर घाईत पहिला पर्याय निवडला जातो, आणि विमान गेटला न लागता लांब उभं असलं तर माणूस शिडीखाली येऊन अडकतो. तुमच्या आईंसाठी दुसरा, डब्ल्यूसीएचएस, निवडा. म्हणजे शिडीऐवजी उचलून वर नेणारी गाडी येते. दोन्ही टप्प्यांवर आणि परतीच्या प्रत्येक विमानावर तो वेगवेगळा नोंदला गेलाय का, हे तिकीट हातात आल्यावर एकेक ओळ वाचून बघा. हेराक्लिओनचं तिकीट वेगळं काढलंत तर त्या कंपनीकडे पुन्हा सांगावं लागेल.